तिथी राहते, माणूस निसटतो

मराठी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा साचा कित्येक वर्षांत फारसा बदललेला नाही. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वांना परिचित होते, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, विवाहित कन्या, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. मागे कोण राहिलं याची मोजदाद चोख असते. गेलेला माणूस कोण होता, हे मात्र ‘मनमिळाऊ’वर भागवलं जातं; आणि ते विशेषणही इतक्यांना लागलेलं असतं की महाराष्ट्रात आजवर एकही भांडखोर माणूस मेला नसावा अशी शंका यावी.

गेलेल्यांची आठवण ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे तोकडी आहे असं कुणी म्हणणार नाही. दहावा, तेरावा, मासिकं, वर्षश्राद्ध, पितृपंधरवडा, पुण्यतिथी. शिवाय भिंतीवर चंदनाचा हार घातलेली तसबीर. पण या सगळ्याचा रोख मरणावर आहे. कधी गेला, कसा गेला, कुणाचा कोण होता, एवढं ही व्यवस्था पक्कं धरून ठेवते. तो कसा जगला, कशावर चिडायचा, कोणत्या कामात त्याचा हात बसलेला होता, हे जिथे टिकलं ते या व्यवस्थेच्या कडेकडेनं, आणि बहुतेक वेळा बायकांमुळे.

श्राद्धापासूनच पाहू. संकल्पाला गुरुजी नाव, गोत्र आणि नातं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा यांना वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांत मानून पिंड दिले जातात. आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे यांचीही नावं घेतली जातात. पणजोबांच्या पलीकडे स्वतंत्र पिंड नाही, त्यामुळे ते नाव कुणी विचारत नाही आणि घरात ते कुणाला ठाऊकही नसतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पिंडाला जे नाव घेतात ते सासरचं. लग्नात तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं त्या दिवशी जे पुसलं, ते मरणानंतरही परत येत नाही. पणजीचं माहेरचं नाव सांगा म्हटलं तर चांगल्या शिकल्यासवरल्या घरातसुद्धा सगळे एकमेकांकडे बघतात.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात म्हाळ घालतात तेव्हा हात जरा सैल सुटतो. काका, आत्या, मामा, मावशी, सासूसासरे, गुरू, स्नेही अशी नावं एकामागून एक घेतली जातात, आणि ज्यांचं मागे कुणीच नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. अनोळखी मेलेल्यांची अशी दखल घेणारा हा भाग मला सगळ्या विधीत सर्वांत सुसंस्कृत वाटतो. तिथ्यांची वाटणी मात्र पुन्हा मरणावरच बेतलेली. सवाष्ण गेलेलीसाठी अविधवा नवमी, शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांसाठी चतुर्दशी, तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. माणूस कसा जगला हे पाहणारी एकच तिथी आहे, द्वादशी, ती संन्याशांची. संसार करणाऱ्याच्या जगण्याला अशी वेगळी तिथी नाही.

घराघरांत हे सगळं चालतं ते कॅलेंडरवर. १९७३ साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि तिथी पाहायला पंचांग काढायची गरज संपली. भाद्रपदाच्या पानावर एका चौकोनात बॉलपेननं ‘नाना’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यात ‘मोठी आई’, आणि त्याच पानावर दुधाचे खाडे. हे लिहिणारी बहुधा घरातली सून असते. नानांना तिनं कदाचित पाहिलेलंही नसतं. तरी त्या दिवशी तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, गवार, कारलं, लाल भोपळा हे सगळं ती वेळेवर करते आणि कावळ्याचं पान काढून ठेवते. शास्त्रानं ठरवलेल्या या पानात कुठे कुठे एखादा आगंतुक पदार्थ दिसतो: विकतची भेळ, बेकरीची खारी. विचारलं की कळतं, त्यांना आवडायची. तेवढ्यापुरते नाना नावातून बाहेर येतात.

तसंच काहीसं दहाव्याला घाटावर होतं, आणि तिथे जरा थांबायला हवं. भाताचे पिंड मांडून होतात, शेजारी अश्मा, म्हणजे दहनाच्या वेळी घेतलेला दगड, असतो, गुरुजी बाजूला होतात आणि सगळे चार पावलं मागे सरकतात. कावळे झाडावर असतात, खाली येत नाहीत. मग कुजबुज सुरू होते. चहा ठेवला का? कुणी तरी टपरीवरून कपात चहा आणतो. तंबाखूची पुडी ठेवा, त्यांना त्याशिवाय चालायचं नाही. ठेवतात. कावळा येतो, वळसा घेतो, परत फांदीवर. थोरली लेक पुढे होऊन मोठ्यानं म्हणते, अण्णा, धाकटीचं आम्ही बघू, जीव अडकवू नका. तरी नाही. गर्दीतून एक म्हातारी आवाज चढवते, विहिरीवरच्या तुकड्याचं बोला की रे. आता थोरल्या मुलाला सगळ्या भावकीसमोर धाकट्या भावाला वाटा देण्याचा शब्द द्यावा लागतो. कावळा शिवला तर सुटले. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून गुरुजी वेळ मारून नेतात. कावळ्यावर विश्वास असो नसो, तेरा दिवसांत या माणसाला काय हवं होतं हा प्रश्न फक्त इथेच विचारला जातो. आणि ज्याच्या मनात काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही, त्याच्या पिंडासमोरची शांतता वेगळी असते, हे घाटावर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

त्याच घाटावर, विशेषतः पुणे, नगर, नाशिककडे, अलीकडे दशक्रियेला आधी प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. माईक असतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, येऊ न शकलेल्या आमदारांचा निरोप. बोलणारे घराण्याच्या राजकीय संबंधांबद्दल बोलतात. वेळेअभावी इतरांनी बसूनच श्रद्धांजली वाहावी, असं सूत्रसंचालक सांगतो. या इतरांतच त्या माणसाबरोबर आयुष्यभर बारे धरणारा शेजारी असतो. बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांनी पैठणच्या घाटावरचा पोटापाण्याचा व्यवहार दाखवला. या भाषणांवर अजून कुणी लिहायला हवं.

नोंदींचा विचार केला तर दोन परंपरा सांगण्यासारख्या आहेत. एक, नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गावाचं नाव, आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढतात, आणि तुमचे आजोबा कोणत्या साली, कुणाच्या अस्थी घेऊन, कुणाकुणाला बरोबर घेऊन आले होते ते सापडतं; बरेचदा त्यांच्या हातच्या सहीसकट. मोडीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो. दुसरी, कोल्हापूर-सांगली आणि सीमाभागातल्या हेळव्यांची. पूर्वी बैलावर बसून हेळवी दारात यायचा आणि घराण्याची पिढीजाद नावं, मूळ गाव, तिथून का निघाले, हे म्हणून दाखवायचा. बदल्यात धान्य, कापड, कधी जनावर. हेळव्याकडे वंशावळीबरोबर स्थलांतराची गोष्ट असते, म्हणून उपाध्यांच्या वहीपेक्षा ती जिवंत. आता त्यांच्यातलेही अनेक वह्यांवर आले आहेत. छापील कुलवृत्तांत हा याच घराण्यातला शहरी प्रकार. त्यांत पुरुषांच्या पदव्या आणि नोकऱ्या येतात, आणि जुन्या कुलवृत्तांतांत मुली लग्न होताच पान सोडून जातात.

दगडानं याच्या बरोबर उलट केलं. महाराष्ट्रभर गावाच्या वेशीत, पडक्या देवळाच्या आवारात वीरगळ उभे किंवा आडवे पडलेले दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, बरेचदा गाई सोडवण्यासाठीची. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. सर्वांत वर तो शिवपिंडीची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. त्या माणसानं काय केलं हे दगड सांगतो. पण बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नाही, त्यामुळे पराक्रम राहिला आणि नाव गेलं. सतीशिळेवर तेवढंही नाही: काटकोनात उभा हात, त्यावर बांगड्या. त्या बाईचं मरण कोरलंय. ती कोण, हे शिळा सांगत नाही.

मेळघाटातले कोरकू सागवानाच्या फळीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून गेलेल्याचा ‘मुंडा’ उभा करतात. नाशिकमध्ये धुळवडीला वीर निघतात. देव्हाऱ्यातले वीरांचे टाक वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेले जातात, पोरं वेश करून नाचतात. त्या दिवशी शहरात हा गलका पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही की घरोघरचे मेलेले पूर्वज आंघोळीला निघालेत.

इतर समाजांचं थोडक्यात. शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात गर्दी होते, फातिहा वाचला जातो. २ नोव्हेंबरला वसईपासून गोव्यापर्यंत कबरी घासूनपुसून मेणबत्त्या लागतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात, घरच्या मेलेल्यांच्या नावानं गरिबांना. मंगलकार्यात मृतांना असं आधी वाढणं मला फार शहाणपणाचं वाटतं. पारशी मुक्तादच्या दिवसांत प्रत्येक मृताच्या नावानं फुलांचं पात्र, करशा, मांडतात. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंनी अलिबागजवळच्या नवगावला आपल्या मूळ पुरुषांची आठवण जपली आहे. परंपरा सांगते की तिथे जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. समाजाची सुरुवातच दफनभूमीपाशी होते.

विधीलाच हात घालणारे आपल्याकडे झाले. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव फुले गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढचं टिटवं सावित्रीबाईंनी धरलं असं सांगितलं जातं. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मागे, १८९१ साली आलं. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं स्त्री पुरोहित तयार केल्या, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगायला सुरुवात केली. सर्वांत मोठा बदल मात्र ६ डिसेंबरला दादरला दिसतो. चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात, आणि शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांपुढे दुसरी गर्दी असते. बाबासाहेबांचा मृत्युदिन हा त्यांची पुस्तकं विकत घेण्याचा दिवस झालाय. तिथी मरणाची, पण पिशवीत घरी जातं ते त्यांचं आयुष्यभराचं काम. महाराष्ट्रात दुसरी अशी पुण्यतिथी मला दिसत नाही.

लिहून ठेवण्याची सुरुवातही आपल्याकडे फार जुनी. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्याचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत येतं, आणि त्यात निवृत्तीनाथांसारखा विरक्तही कोसळताना दिसतो. चोखामेळ्याची कथा त्याहून बोचरी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोख्याची, अशी खूण धरून नामदेवांनी अस्थी वेचल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. कथा कीर्तनात रंगते. त्याच भिंतीखाली मेलेल्या बाकीच्या मजुरांची नावं कुणी विचारत नाही.

गेलेल्या माणसाला पुरता माणूस म्हणून उभं करण्याचं काम आधुनिक मराठीत विधवांनी केलं. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. न्यायमूर्ती रानड्यांची चरित्रं पुष्कळ, पण आंब्याच्या एकदोन फोडी खाऊन हात आवरणारा, बायकोला लिहायला-वाचायला बसवणारा आणि घरातल्या बायकांच्या छळाबाबत मात्र गप्प बसणारा नवरा फक्त तिथे भेटतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं निघाली. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले होते. मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, त्यातून हे पुस्तक झालं. टिळकांचा संताप, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकणं, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं लक्ष्मीबाई सांगतात, आणि हसत सांगतात. स्वतःच्या वडिलांच्या सोवळ्याचा घराला झालेला जाचही सोडत नाहीत. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हा आपला दंडक त्यांनी धाब्यावर बसवला, आणि टिळक आज आपल्याला माहितीचे वाटतात ते त्यामुळेच. नुसते ‘रेव्हरंड’ राहिले असते तर कवितांच्या पुस्तकापुरते उरले असते.

लिहिता न येणाऱ्या बायकांनी हेच जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या गाणाऱ्यांच्या नावांसह ऐकायला ठेवल्या आहेत. त्यांत गेलेल्या आईच्या ओव्या ऐकाव्यात. तिथी नसते, गोत्र नसतं. आई नसलेलं माहेर असतं. मयताला हेल काढून रडणाऱ्या म्हाताऱ्याही हेच करतात. शहरी माणसाला तो आरडाओरडा वाटतो. कान देऊन ऐकलं तर त्यात पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय न सोडणारा दीर येतो, दुष्काळात दागिने मोडून आणलेली ज्वारी येते, कोर्टात हरलेला दावाही येतो. एका माणसाचं चरित्र पहिल्या तासात मोठ्यानं सांगून होतं, आणि कुणी टिपून घेत नाही. ही पद्धत आता संपत आली आहे. घरच्यांनाच तिची लाज वाटते.

मानसशास्त्र या बाबतीत बरंच फिरून आलंय. १९१७ मध्ये फ्रॉइडनं शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं असं मांडलं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट सांगितलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते चालू ठेवण्यात आजार काही नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित सूचीत लांबलेला शोक हा विकार म्हणून आला, पण प्रौढांसाठी त्याआधी वर्ष जाऊ द्यावं अशी अट ठेवून. वर्षश्राद्धापर्यंत सण न करणाऱ्या घरांना हा हिशोब नवा वाटणार नाही. पण ‘वर्ष झालं, आता पुरे’ हे जे आपल्याकडे बाईला ऐकवतात, त्याला यात आधार शोधू नये.

कोविडनं हे सगळं विस्कटलं. सरकारी आकड्यांप्रमाणे राज्यात १ लाख ४८ हजारांच्या आसपास माणसं गेली. अनेकांना खांदा मिळाला नाही, दहावे घरातल्या घरात किंवा मोबाइलवर झाले. त्या दिवसांत कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोकांनी आठवणी लिहिल्या, जुने आवाज टाकले, आणि घाटावर कधीच बोलता न येणाऱ्या भाच्या-पुतण्यांनाही तिथे बोलता आलं. पुढे त्याचं काय झालं? फोन बदलला, ग्रुप गेला. फेसबुकवर २००९ पासून मृताचं खातं स्मृतिखातं करता येतं, २०१५ पासून त्यासाठी वारस नेमता येतो. गुगलनं तशी सोय २०१३ मध्ये दिली. जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारे आपण, हे दोन मिनिटांचं काम करत नाही. मृताच्या आवाजात बोलणारी यंत्रंही आता निघाली आहेत. माझा त्यांच्यावर भरवसा नाही: ज्या घराकडे आजीचं चार तासांचं बोलणं साठवलेलं नाही, तिथे यंत्र आजीच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं घालणार.

तेव्हा साठवण. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं ‘आमचं काय, गेलं आपलं’ म्हणून गप्प होतात. गिरणीत पहिल्या पगाराचं काय केलं, बैल कुठल्या बाजारातून आणायचात, बाळंतपणाला कोण आलं होतं, असं विचारलं की ती थांबत नाहीत. फोटोंच्या पाठीमागे पेन्सिलनं नावं लिहून घ्यावीत, बायकांची माहेरच्या नावासकट. एक पिढी ओलांडली की लग्नाच्या फोटोतल्या मागच्या रांगेला कुणी ओळखत नाही. आणि भावंडांना एकत्र बसवू नये. थोरल्याला वडील कडक आठवतात, मधलीला हळवे. धाकट्याच्या आठवणीत ते घरी नसतातच, कारण तोवर त्यांची बदली झालेली असते. एकत्र बसले की तासाभरात तिघांचे मिळून एक मनमिळाऊ वडील तयार होतात. तिघांकडून वेगवेगळं लिहून घ्यावं आणि कुणाचं खरं हे ठरवायला जाऊ नये.